परदेशातील कुस्ती आणि खर्चाचा हिशेब : महाराष्ट्रातील मल्लांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील कुस्तीच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने दोन अंगांनी झालेले आहे. एका बाजूला राजाश्रय, तालमी आणि गाजलेल्या जोडी यांची वर्णने आहेत, तर दुसऱ्या बाजूला ऑलिंपिक व आशियाई स्पर्धांतील पदकांच्या नोंदी आहेत. या दोन्ही प्रकारच्या लेखनात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो म्हणजे, मल्लाच्या परदेशवारीचा खर्च कोणी केला, आणि हाती आलेल्या रकमेतून खर्च व कर वजा जाता त्याच्याजवळ काय उरले? हा प्रश्न बाजूला राहिल्यामुळे परदेशात जाऊन लढणारा मल्ल शूर ठरतो, आणि जो जात नाही त्याच्याविषयी 'घरच्या मैदानाचा वाघ' अशी सोपी भावना तयार होते.

आज जगभरातील व्यावसायिक मुष्टियोद्धे व धावपटू परदेशातील स्पर्धेचे निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी त्या देशातील कराचा दर विचारतात, आणि हिशेब न जुळल्यास नकार देतात. या नकाराकडे लोभ म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की हा नकार नवीन नाही व तो केवळ लोभातून येत नाही. परदेशातील लढतीची आर्थिक जोखीम कोणी उचलायची, या जुन्या प्रश्नाचे ते आजचे रूप आहे. महाराष्ट्रात ही जोखीम प्रथम दात्यांकडे, नंतर संस्थानाकडे आणि संस्थान विलीन झाल्यावर थेट मल्लाकडे व त्याच्या हितचिंतकांकडे कशी गेली, याचे विवेचन येथे केले आहे. विवेचनाची पद्धत ऐतिहासिक व तुलनात्मक असून त्यासाठी प्रकाशित स्वरूपातील माहितीचा आधार घेतला आहे.

१. मल्लाच्या अर्थकारणाचे स्वरूप :

कुस्ती हा बाह्यतः अल्पखर्चिक खेळ वाटतो. लाल मातीचा हौदा आणि लंगोट एवढ्यावर तो उभा आहे अशी समजूत असते. प्रत्यक्षात मल्ल घडविण्याचा खर्च दीर्घकाळ चालणारा असतो. दूध, तूप, बदाम, थंडाई आणि मांसाहार असा खुराक वर्षानुवर्षे चालवावा लागतो. या काळात तरुण मुलगा शेतीच्या कामातून मोकळा ठेवावा लागतो, म्हणजे त्याची मजुरीही बुडते. तालमीत राहणे, वस्तादाचा मान, मालिश आणि दुखापतीचा औषधोपचार हे खर्च वेगळेच. मल्लाची उमेदीची वर्षे साधारणतः दहा-बारा असतात. तेवढ्या काळात झालेला खर्च भरून निघून पुढील आयुष्याची तरतूद व्हावी लागते.

उत्पन्नाची बाजू जत्रांच्या मैदानांवर अवलंबून असते. चैत्रापासून सुरू होणाऱ्या गावजत्रांत नारळावरच्या कुस्तीपासून लाखाच्या कुस्तीपर्यंत जोडी लागतात. पश्चिम महाराष्ट्राइतका गाजावाजा नसला तरी पनवेल, उरण व पेण या पट्ट्यातील आगरी-कोळी वस्तीच्या गावांतही जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड भरविण्याची चाल आहे. इनामाची रक्कम गावची वर्गणी, देवस्थान किंवा एखादा हौशी दाता देतो. प्रवास एका रात्रीचा, मुक्काम ओळखीच्या घरी आणि रक्कम त्याच दिवशी हातात, ही या व्यवस्थेची वैशिष्ट्ये होत. एका हंगामात मल्ल अशी अनेक मैदाने मारू शकतो. एका मैदानात हार झाली तरी पुढचे मैदान चार दिवसांवर असते.

परदेशातील लढतीचे गणित नेमके याच्या उलट आहे. तेथे प्रवास लांबचा, सराव आधीचा, हवामान व आहार परका, आणि लढत एकच. खर्च आधी करावा लागतो आणि मिळकत अनिश्चित असते. हंगामात बाहेर राहिल्यास घरची मैदाने बुडतात ते नुकसान वेगळे. म्हणून परदेशवारीचा निर्णय मल्लाने एकट्याने घेतला असे इतिहासात क्वचितच दिसते. तिच्यामागे खर्च सोसणारा कोणीतरी नेहमीच होता.

२. दात्यांचा काळ : लंडन १९१० आणि अँटवर्प १९२० :

भारतीय मल्लांच्या परदेशवारीचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण पंजाबचे गामा यांचे आहे. १९१० मध्ये गामा, त्यांचे बंधू इमामबक्ष व इतर मल्ल लंडनला गेले, तो खर्च बंगालमधील धनिक शरत्कुमार मित्र यांनी उचलला होता. उंची कमी असल्याच्या कारणाने गामांना प्रारंभी स्पर्धेत प्रवेश मिळाला नाही आणि त्यांना जाहीर आव्हाने द्यावी लागली. ऑगस्टमध्ये त्यांनी अमेरिकन मल्ल बेंजामिन रोलर यांचा पराभव केला. १० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडचे स्टॅनिस्लॉस झ्बिस्को यांच्याशी त्यांची लढत झाली. तीत २५० पौंडांचे इनाम आणि 'जॉन बुल' पट्टा पणाला लागला होता. अडीच तासांहून अधिक वेळ चाललेली ही कुस्ती निकाली झाली नाही. पुढील शनिवारी झ्बिस्को मैदानात आलेच नाहीत आणि पट्टा गामांना मिळाला.

या प्रसंगाची दुसरी बाजू आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. त्या काळातील दोन सर्वांत मोठे व्यावसायिक मल्ल, अमेरिकेचे फ्रँक गॉच आणि रशियन साम्राज्यातून आलेले जॉर्ज हॅकनश्मिट, यांच्याशी गामांची कुस्ती कधीच झाली नाही. आपल्याकडे याचे स्पष्टीकरण 'ते घाबरले' असे दिले जाते. ते पूर्णतः नाकारण्याचे कारण नाही, परंतु ते पुरेसेही नाही. सप्टेंबर १९११ मध्ये गॉच व हॅकनश्मिट शिकागो येथे परस्परांशी लढले तेव्हा तिकीटविक्रीतून सुमारे ८७,००० डॉलर जमा झाले. ज्या मल्लाला आपल्याच देशात एवढी गर्दी मिळते, त्याने समुद्र ओलांडून अपरिचित व धोकादायक प्रतिस्पर्ध्याशी अल्प रकमेवर का लढावे? नकाराचे हे आर्थिक कारण गॉचला लागू होते, तसे ते पुढे आपल्या मल्लांनाही लागू झाले.

झ्बिस्को मात्र १९२८ मध्ये भारतात आले व पतियाळा येथे गामांशी पुन्हा लढले, कारण ही लढत पतियाळाच्या महाराजांनी घडवून आणली होती. ती कुस्ती एका मिनिटाच्या आत गामांनी जिंकली. जेथे खर्च सोसणारा आहे तेथे प्रतिस्पर्धी येतो, हा नियम या घटनेतून स्पष्ट होतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने पहिला महत्त्वाचा टप्पा १९२० चा आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या परिसरात सुरू झालेल्या हालचालींतून आणि सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकारातून अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय चमू पाठविण्यात आला. त्यात कुमार नवले व रणधीर शिंदे हे दोन मल्ल होते. शिंदे यांना फेदरवेट गटात चौथे स्थान मिळाले. या चमूचा प्रवास दोराबजींचे स्वतःचे धन, देणग्या व सरकारी साहाय्य यांच्या जोरावर झाला. खेळाडूंवर खर्चाचा बोजा पडू नये ही दृष्टी त्यामागे होती. मात्र ही व्यवस्था एका उदार व्यक्तीच्या इच्छेवर आधारलेली होती, हीच तिची मर्यादा ठरते.

३. संस्थानाचा आश्रय : कोल्हापूर आणि १९४८ :

व्यक्तीच्या औदार्याला व्यवस्थेचे रूप देण्याचे काम कोल्हापूर संस्थानात झाले. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, कोल्हापूर हे मल्लविद्येचे केंद्र बनले. युरोपच्या प्रवासात पाहिलेल्या प्राचीन रोमन प्रेक्षागारांच्या धर्तीवर त्यांनी खासबाग मैदान उभारले. ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. मध्यभागी हौदा आणि सभोवती उतरती बैठक अशी त्याची रचना असून हजारो प्रेक्षकांना कुस्ती विनाअडथळा दिसते. दरबाराने स्थानिक मल्लांबरोबरच उत्तरेकडील मल्लांनाही आश्रय दिला. खुराक, निवास व वस्ताद यांची सोय दरबाराकडून होऊ लागल्याने मल्ल घडविण्याचा दीर्घकालीन खर्च कुटुंबाच्या खांद्यावरून उतरला.

या आश्रयाला दुसरी बाजूही होती. कोणी कोणाशी लढावे आणि कोठे लढावे हे ठरविण्यात दरबाराचा शब्द निर्णायक असे. मल्लाला निवडीचे स्वातंत्र्य कमी होते. परंतु हरल्यास कर्जबाजारी होण्याची भीतीही त्याला नव्हती.

या व्यवस्थेचे परदेशवारीच्या संदर्भातील अखेरचे मोठे उदाहरण म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव यांचा १९४८ चा लंडन प्रवास होय. सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा कराडच्या टिळक हायस्कूलमधून पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. लंडन ऑलिंपिकला जाण्याचा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. मातीवर वाढलेल्या या मल्लाला तेथे प्रथमच मॅटवरील आंतरराष्ट्रीय नियमांच्या कुस्तीला सामोरे जावे लागले. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. त्यांच्यापुढे कौशल्याचे आणि नियमांचे आव्हान होते, तिकिटाचे नव्हते, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे.

४. विलीनीकरणानंतर : हेलसिंकी १९५२ :

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने ही घटना स्वागतार्ह व आवश्यक होती. मात्र संस्थानाकडून मल्लांवर होणारा खर्च कोणत्या खात्याने पुढे चालवायचा, याचे उत्तर नव्या व्यवस्थेत तयार नव्हते. १९४८ आणि १९५२ या दोन ऑलिंपिकच्या मध्ये ही तारीख येते. खाशाबांच्या दोन प्रवासांतील फरक समजून घेण्यासाठी ती निर्णायक आहे.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड होण्यासाठीच खाशाबांना झगडावे लागले आणि पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागावी लागली. निवड झाल्यानंतर खर्चाचा प्रश्न उभा राहिला. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे मागितलेली ४,००० रुपयांची मदत प्रवासापूर्वी मिळाली नाही, असे खाशाबांविषयीच्या लेखनात नोंदविलेले आहे. गोळेश्वर व परिसरातील लोकांनी वर्गणी गोळा केली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

२३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे वैयक्तिक स्वरूपाचे पहिले ऑलिंपिक पदक होय. याच स्पर्धेत केशव माणगावे यांनी फेदरवेट गटात चौथे स्थान मिळविले. कराड परिसरात खाशाबांचे बैलगाड्यांच्या मिरवणुकीने जे स्वागत झाले ते सर्वश्रुत आहे.

त्यानंतरची घटना तेवढ्या तपशिलाने सांगितली जात नाही. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः त्यांत भाग घेतला आणि मिळालेली इनामाची रक्कम खर्डेकरांचे गहाण घर सोडविण्यासाठी दिली. म्हणजे ऑलिंपिकच्या सन्मानाची किंमत महाराष्ट्रातील जत्रेच्या मैदानांनी चुकती केली. परदेशातील लढतीतून पैसा मिळणार नव्हता, कारण ऑलिंपिकचे तत्कालीन नियम खेळाडू हौशी असावा असा आग्रह धरत. हे नियम १९७० च्या दशकापासून सैल होत गेले. तोपर्यंत महाराष्ट्रातील मल्लापुढे पेच असा होता की घरी तो इनामावर जगणारा व्यावसायिक होता आणि परदेशात त्याला हौशी म्हणून उभे राहावे लागत होते. ज्याच्या पोटाचा प्रश्न मैदानावर सुटत होता त्याने स्वखर्चाने विनामोबदला लढण्यासाठी बाहेर जाणे, हे आर्थिकदृष्ट्या तोट्याचेच होते.

यावरून एक अनुमान काढता येते. खाशाबा गेले, कारण एका शिक्षकाने आपले घर पणाला लावले. ज्यांच्यामागे असा माणूस नव्हता त्यांनी काय केले, याची नोंद इतिहासात राहत नाही. न झालेल्या प्रवासाची वार्ता वर्तमानपत्रात येत नाही. त्यामुळे नकाराचा इतिहास लिहिणे कठीण आहे. तो अशा गेलेल्या मल्लांच्या कर्जाच्या नोंदींतूनच अप्रत्यक्षपणे वाचावा लागतो.

५. घरचे मैदान : तिकीट, कर आणि प्रतिष्ठा :

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रातील कुस्तीचे देशी अर्थकारण बळकट होत गेले. १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे यांनी 'हिंद केसरी' हा किताब मिळविला व १९६० मध्ये तो गणपत आंदळकर यांच्याकडे आला. १९६१ पासून 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा सुरू झाली. पंजाबचे, आणि फाळणीनंतर पाकिस्तानचेही, मल्ल कोल्हापुरात येऊन लढत. म्हणजे आंतरराष्ट्रीय म्हणता येईल अशी लढत घरीच, ओळखीच्या प्रेक्षकांसमोर उपलब्ध होती. अशा वेळी परदेशात जाण्याचे आर्थिक आकर्षण उरले नाही यात नवल नाही.

मुंबईत याच काळात वेगळ्या प्रकारची व्यावसायिक 'फ्रीस्टाइल' कुस्ती लोकप्रिय झाली. दारासिंग व किंग काँग यांच्या नावावर प्रेक्षागृहे भरत. १९६८ मध्ये दारासिंग यांनी अमेरिकेचे लू थेझ यांच्याशी मुंबईत लढत दिली. तालमीतील मल्ल या कुस्तीकडे खेळ म्हणून पाहत की करमणूक म्हणून, हा मुद्दा येथे गौण आहे. गॉच आणि गामा यांच्या काळात दिसलेला नियम येथेही दिसतो. तिकिटे येथे खपत होती म्हणून परदेशी मल्ल येथे येत होते.

तिकिटाबरोबर कराचा प्रश्नही येत होता. १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क कायद्यातील करमणुकीच्या व्याख्येत पैसे घेऊन दाखविल्या जाणाऱ्या खेळांचाही समावेश होता. त्यामुळे तिकीट लावलेल्या मैदानाच्या ठेकेदाराला शासनाचा वाटा, जागेचे भाडे, बंदोबस्त आणि मल्लांची बिदागी यांचा मेळ घालावा लागे. विनातिकीट जत्रेच्या फडाला हा प्रश्न नव्हता, कारण तेथे वर्गणी होती, प्रवेशशुल्क नव्हते. गावजत्रेची कुस्ती टिकून राहण्यामागे श्रद्धा व परंपरा यांबरोबरच हे व्यावहारिक कारणही असावे. राज्यांचा करमणूक कर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करात समाविष्ट झाला, तरी ठेकेदारापुढील मूळ गणित बदललेले नाही.

याचा अर्थ महाराष्ट्रातील मल्ल बाहेर गेलेच नाहीत असा नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गणपत आंदळकर व मारुती माने यांनी सुवर्णपदके मिळविली व १९६४ मध्ये ते टोकियो ऑलिंपिकलाही गेले. परंतु हे प्रवास राष्ट्रीय चमूचे सदस्य म्हणून झाले. खर्च संघटना व शासन यांच्याकडे गेला, इनाम मात्र घरच्या मैदानावरच राहिले. पुढे परदेशी पदकाचे मूल्य रोख रकमेऐवजी नोकरीच्या रूपाने मिळू लागले. खाशाबा स्वतः १९५५ मध्ये पोलीस उपनिरीक्षक झाले. महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण ठेवले. हा मार्ग आवश्यक असला तरी तो पदक मिळविणाऱ्या थोड्यांनाच खुला आहे. पदकाविना परतलेल्याचा खर्च कोणी भरून द्यायचा, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

६. कराचा नवा अडथळा :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रवास तुलनेने स्वस्त झाला, परंतु त्याच वेळी कराचा अडथळा ठळक झाला. सामान्य नियम असा आहे की परदेशी व्यापारी एखाद्या देशात अल्पकाळ येऊन गेला तर तेथे त्याच्यावर सहसा आयकर बसत नाही. खेळाडू व कलावंत यांना मात्र या सवलतीतून वगळले गेले. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या १९६३ च्या नमुना करारातील सतराव्या अनुच्छेदाने खेळ जेथे झाला त्या देशाला कर आकारण्याचा अधिकार दिला. देशोदेशींच्या द्विपक्षीय करारांत हे तत्त्व पुढे रूढ झाले. यामागील कारण उघड आहे. खेळाडू एका रात्रीत मोठी रक्कम घेऊन निघून जातो व नंतर त्याच्याकडून वसुली करणे अवघड असते.

म्हणून कर मूळ रकमेतूनच कापून घेण्याची पद्धत आली. ब्रिटनने १९८७ पासून परदेशी खेळाडू व कलावंतांसाठी अशी कपात सुरू केली. अमेरिकेत अनिवासी व्यक्तीच्या अशा उत्पन्नातून सर्वसाधारणपणे ३० टक्के रक्कम कापली जाते. भारतही याला अपवाद नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात समाविष्ट केलेल्या कलमानुसार १९९० पासून अनिवासी परदेशी खेळाडूंच्या उत्पन्नावर १० टक्के कर होता. २०१२ च्या वित्त कायद्याने तो २० टक्के करण्यात आला. अलीकडच्या वर्षांत इराणचे मल्ल महाराष्ट्रातील मैदानांत उतरू लागले आहेत. म्हणजे आपल्या मल्लाला परदेशात जो हिशेब करावा लागतो, तोच येथे येणाऱ्या परदेशी मल्लालाही करावा लागतो.

या कराचा प्रत्यक्ष परिणाम दोन उदाहरणांतून दिसतो. जमैकाचे धावपटू उसेन बोल्ट यांनी २०१० मध्ये लंडन येथील स्पर्धेत धावण्यास नकार दिला. ब्रिटनमध्ये धावल्यास तेथील मानधनावरच नव्हे, तर जगभरातील जाहिरात करारांच्या उत्पन्नाच्या काही हिश्शावरही कर लागू होत होता. परदेशी कंपन्यांनी परदेशात दिलेल्या जाहिरात उत्पन्नावरही असा कर लागतो, हे टेनिसपटू आंद्रे आगासी यांच्या खटल्यात ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००६ मध्ये स्पष्ट केले होते. बोल्ट यांच्या बाबतीत एका शर्यतीचा कर त्या शर्यतीच्या मिळकतीपेक्षा अधिक होण्याची शक्यता होती.

दुसरे उदाहरण थेट लढतीच्या क्षेत्रातील आहे. फिलिपिन्सचे मुष्टियोद्धे मॅनी पॅकियाव यांनी नोव्हेंबर २०१३ मधील लढत अमेरिकेऐवजी मकाऊ येथे घेतली. अमेरिकेतील सर्वोच्च आयकर दर त्या वर्षी ३९.६ टक्क्यांवर गेला होता आणि लढत मकाऊला नेण्यामागे कर हे एक प्रमुख कारण असल्याचे त्यांच्या प्रवर्तकांनी जाहीरपणे सांगितले होते. त्याच महिन्यात फिलिपिन्सच्या कर खात्याने २००८ व २००९ च्या उत्पन्नावरील थकबाकीच्या दाव्यापोटी त्यांची बँक खाती गोठविली. अमेरिकेत कर भरल्याचा पुरावा पुरेसा आहे की नाही, हा त्यातील वादाचा मुद्दा होता. दुहेरी कर टाळण्याचे करार कागदावर असले तरी परदेशात कापलेल्या कराचा दाखला आणून घरी वजावट मिळविण्याची जबाबदारी लढणाऱ्यावरच असते. पॅकियाव यांच्यासारख्या धनाढ्य योद्ध्याला ती जड गेली. मग लेखापाल नसलेल्या मल्लाची स्थिती काय होईल याची कल्पना येते.

७. हिशेबाचे काल्पनिक उदाहरण :

ही बाब स्पष्ट व्हावी म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका मल्लाला परदेशातील लढतीसाठी १० लाख रुपये देऊ केले. तेथे ३० टक्के कपात एकूण रकमेवर झाली, तर ३ लाख रुपये प्रथमच वजा होतील. प्रशिक्षक व मध्यस्थ यांचा वाटा मिळून २५ टक्के धरल्यास २.५ लाख गेले. मल्ल, वस्ताद व मालिशवाला यांचा प्रवास, व्हिसा, विमा व निवास यांसाठी २ लाख, आणि दोन-तीन महिन्यांच्या विशेष सरावासाठी व खुराकासाठी १.५ लाख धरले, तर हाती केवळ १ लाख रुपये उरतात. त्याच काळात घरी ५० हजारांच्या चार कुस्त्या जिंकल्या असत्या तर २ लाख मिळाले असते आणि दुखापत झाल्यास घरचे लोक जवळ असते.

या उदाहरणातील मर्म दराच्या आकड्यात नसून कर कशावर आकारला जातो यात आहे. कपात खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर झाली असती तर वरील मल्लाचे करपात्र उत्पन्न १० लाखांऐवजी ४ लाख झाले असते व कर १.२ लाखांवर आला असता. एकूण रकमेवरील कपात मोठ्या योद्ध्याला सोसते, कारण त्याच्या उत्पन्नात खर्चाचे प्रमाण अल्प असते. लहान मल्लाचा खर्च मात्र उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असतो. म्हणजे दर समान असूनही ओझे लहानावर अधिक पडते. कापलेल्या कराची वजावट मायदेशी मागता येते हे खरे. परंतु खर्च वजा जाता मायदेशी देय करच अल्प निघाला, तर वजावटीचा उपयोग तेवढ्यापुरताच होतो. उरलेली रक्कम कायमची गेलेली असते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) परदेशातील लढतीला नकार देणे हा केवळ धैर्याचा किंवा देशप्रेमाचा प्रश्न नाही. १९१० च्या सुमारास गॉच यांच्यासारख्या पाश्चात्त्य मल्लांनी घरचे मैदान सोडले नाही, त्यामागे जे आर्थिक कारण होते तेच पुढे महाराष्ट्रातील मल्लांच्या बाबतीतही लागू पडते.

२) महाराष्ट्रात परदेशवारीची जोखीम दाते, संस्थान व नंतर मल्लाचे स्वकीय अशा क्रमाने सरकत गेली. १९४८ आणि १९५२ या खाशाबा जाधव यांच्या दोन प्रवासांतील फरक हा मल्लाच्या गुणवत्तेतील नसून १९४९ च्या विलीनीकरणानंतर निर्माण झालेल्या पोकळीचा आहे.

३) ग्रामीण मैदानांच्या अर्थव्यवस्थेने मल्लाला जगविले, एवढेच नव्हे तर आंतरराष्ट्रीय यशाचे कर्जही फेडले. या मैदानांना मागासलेपणाचे लक्षण मानणे इतिहासाला धरून नाही.

४) एकूण रकमेवरील करकपात ही लहान खेळाडूसाठी प्रतिकूल आहे. खर्चाची वजावट देऊन आकारणी झाल्यास आणि क्रीडा संघटनांनी करविषयक मार्गदर्शनाची सोय केल्यास अनेक नकार टळू शकतील.

५) १९५२ मध्ये शासन, संघटना आणि समाज यांच्यातील पोकळी एका महाविद्यालयाच्या प्राचार्यपदावर राहिलेल्या व्यक्तीने आपल्या घराच्या तारणावर भरून काढली. हा प्रसंग गुरुशिष्यसंबंधाचा गौरव म्हणून सांगितला जातो आणि तो योग्यच आहे. तथापि शिक्षकाला घर गहाण ठेवावे लागणे ही व्यवस्था असू शकत नाही. आपल्या महाविद्यालयांत आजही जत्रेच्या मैदानांवर लढून स्वतःचे शुल्क भरणारे विद्यार्थी येतात. त्यांच्या प्रवासासाठी, विम्यासाठी व खुराकासाठी स्थायी स्वरूपाचा निधी निर्माण करणे हे महाविद्यालये व विद्यापीठे यांना अशक्य नाही. तसे झाल्यास परदेशातील लढत स्वीकारणे किंवा नाकारणे हा निर्णय मल्लाला आपली तयारी पाहून घेता येईल. कर्जाच्या भीतीने तो घ्यावा लागणार नाही.